हेमलताचा रविवारचा प्रश्न

हेमलता जाऊन चार महिने झाले होते, तरी दर रविवारी अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टून मालिकांच्या, गटावर तिच्या नावाने प्रश्न येई. गटावर कोणी बोलेनासं झालं, की अ‍ॅपची यंत्रणाच गप्प सदस्यांच्या वतीने, त्यांच्या ढंगात लिहायची. नाहीतर गट बंद पडायचा. रघुवीर खानोलकर बायकोच्या फोनवर तिचा प्रश्न आठवडाभर वाचत.

या रविवारी प्रश्न मालिकेच्या शेवटच्या भागावर होता. त्यांनी नांदेडच्या तेजलला, गट सांभाळणाऱ्या मुलीला, फोन लावला.

"हेमा कुठल्याच मालिकेचा शेवटचा भाग बघायची नाही गं. संपलेलं तिला सोसायचं नाही. तिच्या नावाचं लिहिणं बंद कर."

"काका, अकरा जणांत खरं लिहिणारी मी एकटीच उरलेय. ताईंचंही थांबलं तर गट महिनाभर टिकायचा नाही."

"मग मला घे."

"तुम्ही? मोठ्या डोळ्यांची बाहुली म्हणायचात ना याला?"

"अजूनही म्हणतो."

संध्याकाळी त्यांनी तो भाग एकट्याने पाहिला. मग एका बोटाने बराच वेळ गटावर टाइप केलं:

"मी हेमलताचा नवरा. आज फक्त शेवटचा भाग पाहिला, आधीचं काही पाहिलेलं नाही. ती बाई स्टेशनवर कोणाची वाट बघत होती, कोणी सांगेल का?"