दोन चमचे पाणी

"आता दोन-दोन चमचे पाणी द्यायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

कोमलनं ग्लास उचलला. खाटेवर तिची तीन वर्षांची पुजा होती. काल दुपारी शेतात तिनं पाणी समजून फवारणीच्या औषधाची बाटली तोंडाला लावली होती. उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलं होतं ते तिच्या बापानंच, शिवशंकरनं. शिरड शहापूरहून नांदेडला येईपर्यंत जीपमध्ये तिच्या तोंडातून फेस गळत होता. मग इंजेक्शनांमागून इंजेक्शनं. लेकरू वाचलं.

या इंजेक्शनांनी तोंड अन् डोळे कोरडे पडतात, असं सिस्टर म्हणाली होती. पुजाचे ओठ तडकले होते. जीभ टाळूला चिकटत होती. तरी चमचा जवळ आला तसे तिनं दात घट्ट मिटले.

"घे माय. पाणीच हाय."

पुजानं मान फिरवली. कोमलनं ओलं बोट तिच्या ओठांवरून फिरवलं. तिनं तोंड उशीला पुसून टाकलं.

"नाक दाबा अन् पाजा," शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली. "लेकरं अशीच पितेत."

"न्हाई मावशी. लई सोसलं तिनं." कोमलनं ग्लास नवऱ्यापुढं धरला. "तुमी द्या."

कालपासून ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली होती. शिवशंकर भिंतीपासून हलला. त्यानं घाईनं चमचा भरून पुढं केला, तसं पाणी चादरीवर सांडलं. पुजा त्या ओल्या डागापासून मागं सरकली.

"भेतीस काहून? हे बघ, बाबा पिऊन राहिला."

त्यानं ग्लास तोंडाला लावला. एक घोट घेतला. दुसरा घेतला.

पुजा धडपडत उठून बसली. हाताला लावलेली सलाईनची नळी ताणली गेली. तोंड रडवेलं झालं, पण डोळ्यांत टिपूसही आलं नाही.

"बाबा, थुक!" ती घोगऱ्या आवाजात ओरडली. "थुक ना!"

आणि दोन्ही हातांनी ती त्याचे ओठ उघडू लागली.

तिसरा घोट शिवशंकरच्या तोंडातच होता. तो गिळावा की थुंकावा, त्याला कळेना.