बिननाकाचा भट्टीवाला

कॉफीची बाटली नाकाखाली धरून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय आहे?"

"बाटली," भट्टीवाला म्हणाला.

शेजारी बसलेल्या बायकोने हसू दाबलं. बाईंनी त्याला डोळे मिटायला लावले आणि एक फोड तोंडात दिली. त्याने ती करकर चावली.

"सफरचंद! हे तरी बरोबर ना?"

"कच्चा बटाटा."

मग बाईंनी समजावून सांगितलं. जिभेला कळतं ते मोजकंच, गोड, खारट, आंबट, कडू असलं ढोबळ. बाकी आपण जिला चव म्हणतो तो खरं तर घशामागून नाकात चढणारा वास. मागच्या जबर सर्दीने वास टिपणारा नाकाच्या माथ्यावरचा भागच मार खाऊन बसला होता.

"परत येईल?"

"कधी येतो, कधी नाही. रोज निरनिराळे वास हुंगायचा सराव करा. आणि घरच्यांना सांगून ठेवा. करपलेलं कळणार नाही, गॅस सुटला तर कळणार नाही. थट्टा नाही ही."

"सांगते मी," बायको म्हणाली.

"खबरदार!" रस्त्यावर येताच भट्टीवाल्याने तिला दटावलं. "तुझ्या बाबांच्या कानावर गेलं तर भट्टी गेलीच म्हणून समज."

त्यात खोटं काही नव्हतं. बेकरी सासऱ्यांची, आणि सासरे हट्टाला पेटले की खांबालाही घाम फुटावा. भट्टीजवळ घड्याळ लावायचं नाही. पाव काढायचा तो वासावर, खमीर पारखायचं ते वासावर. ह्या जावयाचं नाक असं तिखट की वाऱ्यावरून पिठाचं पोतं कुठलं ते सांगायचा. त्या नाकावर भाळून सासऱ्यांनी आधी पोरगी दिली. भट्टी मात्र बराच विचार करून दिली.

तेव्हा नवरा-बायकोत खलबत झालं. गल्ल्यावर बसणारी बायको आता भट्टीपाशी उभी राहू लागली. ती एकदा खोकली की सगळं ठीक. दोनदा खोकली की बिघडलं.

"काय वहिनी, हल्ली उस्तादांना क्षणभर नजरेआड करत नाही!" कणीक मळणारे चिडवायचे. "नव्याची नवलाई परत आली वाटतं."

"धुराने खोकला झालाय हो," ती म्हणायची.

पाव पूर्वीसारखेच खरपूस निघत होते. गिऱ्हाईक खूश, सासरे खूश. भट्टीवाल्याची छाती तर पुन्हा फुगली. "हात कुणाचा आहे शेवटी!" असंही तो अधूनमधून म्हणू लागला. बायको ऐकून घ्यायची.

एका सकाळी तो घरात चहाचं आधण ठेवून काडी ओढणार, तोच बायको धावत आली आणि तिने त्याच्या हातून काडेपेटी हिसकावली. शेगडीचं बटण केव्हाचं उघडं होतं. तिने खिडक्या उघडल्या आणि मग भिंतीला टेकून खाली बसली.

"अहो, सांगू या ना बाबांना."

"अगं, तू आहेस ना! तू असताना मला नाकाची काय गरज?"

तिने काडेपेटी कमरेला खोचली. त्याला वाटलं, पटलं.

त्याच आठवड्यात सासरे बेकरीत अवतरले. मळणाऱ्यांना बाजूला सारून त्यांनी टेबलावर खमिराच्या तीन मातीच्या बरण्या मांडल्या. तोंडाला फडकी बांधलेली.

"जावईबापू, कुणीतरी म्हणतं तुमचं नाक झोपलंय. फडकी सोडायची नाहीत, बरणीला हात लावायचा नाही. वरूनच सांगा."

भट्टीवाल्याने घाईने मागे पाहिलं. पाठीशी बायको उभी होती. तो पहिल्या बरणीवर वाकला. मागे एक खोकला.

"ताजं आहे, बाबा. गोडसर."

दुसरीवर वाकला. दोन खोकले.

"हे उतरलंय. फेकून द्या." आणि नवल म्हणजे त्याला नाकात खरोखरच आंबूस झणका जाणवला. नाक परत येतंय की काय!

तिसरी. एक खोकला.

"हे तर फर्मास! आजच्या पावाला हेच घ्या."

"शाब्बास!" सासऱ्यांनी टाळी दिली. "मळणाऱ्यांनो, ऐकलंत ना सगळ्यांनी?"

"ऐकलं!"

भट्टीवाल्याने मिशीवरून बोट फिरवलं. सासऱ्यांनी एकेक फडकं सोडलं आणि बरण्या टेबलावर उपड्या केल्या. तिन्हींतून काही म्हणजे काही पडलं नाही. धुऊन वाळवलेल्या बरण्या होत्या त्या.

तो गर्रकन मागे वळला.

"मी म्हटलं नव्हतं का, बाबा?" बायको म्हणाली, आणि तिने त्याच्या गळ्यातला एप्रन काढून स्वतःच्या गळ्यात घातला.