गाडीचे दोन शब्द

सांगलीच्या मोटारप्रेमी मंडळात मालकाने गाडीचं कौतुक केलं, की गाडीनेही दोन शब्द बोलायचा रिवाज होता. अरविंद बर्वे यांनी यंदा प्रथमच पत्नी सुधाताईंना सोबत आणलं होतं.

"हिचं वळण घेणं मला फार आवडतं," बर्वे म्हणाले. "रोज संध्याकाळी हरिपूर रस्त्याला तासभर फिरवून आणतो."

"आता बोला, गाडीबाई!" मागून कोणीतरी ओरडलं.

गाड्यांना खोटं बोलता येत नसे. हे बर्व्यांना ठाऊक होतं, पण घरी रोज सांगायची थाप सवयीने इथेही तोंडून निघून गेली होती.

"आम्ही कुठेच जात नाही," गाडी म्हणाली. "काका पार्किंगमध्येच माझ्यात वाचत बसतात. घरात आता बोलण्यासारखं काही उरलं नाही, म्हणतात."

बर्वे स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिले.

परत निघताना सुधाताई त्यांच्या शेजारी बसल्या.

"मला गॅलरीतून रोज दिसायचं," त्या म्हणाल्या. "वाटायचं, आज तरी मला खाली हाक माराल."