टाक्यातला आवाज

समुद्राकाठच्या केलिबिया गावातल्या किल्ल्यावर मुनीराने पंधरा वर्षं तिकिटं फाडली. आज तिला पहिल्यांदाच पर्यटकांना किल्ला फिरवून दाखवायचा होता, आणि आनंदाने तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"अगं, दम खा जरा! किल्ला काय पळून जातोय?" दारावरचे तिजानीकाका हसले.

कार्थेजवाले, रोमन, तुर्क, सगळ्यांच्या गोष्टी तिने अशा रंगवल्या की सुसा शहराहून आलेली मंडळी टाळ्या वाजवू लागली. मग ती त्यांना पाण्याच्या जुन्या, कोरड्या टाक्यापाशी घेऊन गेली. त्याच्या पायऱ्या खाली अंधारात शिरत होत्या.

"इथे हाक मारली की ती जशीच्या तशी परत येते, ऐका हं!" म्हणत ती वाकली. "कोण आहे?"

"मी आहे," खालून तिच्याच आवाजात उत्तर आलं. "खरी गंमत इथेच आहे. या की सगळे!"

"वा बाई, प्रतिध्वनीची काय नक्कल करता हो!" म्हणत मंडळी हसतखिदळत पायऱ्या उतरू लागली.

"थांबा" म्हणायला मुनीराने तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली.

आणि खालून तिचाच आवाज आनंदाने ओरडला, "चला, चला, लवकर!"