स्टँड नसलेली गाडी

सलीलला पहिलीवहिली जुनी ट्रायल्स मोटारसायकल घ्यायची होती. खडकांवरून उभ्यानेच, तोल सांभाळत चालवतात ती. फसवले जाऊ या धास्तीने त्याने आखातातल्या मुहर्रक शहरात गाडी बघायला जाताना ओळखीचा मेकॅनिक दत्ताराम बरोबर नेला.

मालकाच्या घराच्या चौकात गाडी भिंतीला टेकून उभी होती. दत्तारामने चेन, चाकं, फ्रेम निरखून पाहिली. पहिल्याच किकला इंजिन सुरू झालं.

"झ्याक आहे सायेब. घेऊन टाका."

म्हातारा मालक दाराबाहेर यायलाच तयार नव्हता. "ले जाओ, खलास," तो आतूनच म्हणाला.

सलीलने चालू गाडी चौकाच्या मधोमध ढकलत आणली आणि स्टँड लावायला पाय पुढे केला. गाडीला स्टँडच नव्हता.

"दत्ताराम, धर जरा," म्हणत त्याने हात सोडले. पण दत्ताराम लांब नळावर हात धूत होता.

गाडी पडली नाही.

पुढचं चाक किंचित डावीकडे वळलं, मग किंचित उजवीकडे. मागचे शॉकअप माणूस चढल्यासारखे दबले होते.

"सायेब, मागे या," दत्ताराम नळापासूनच दबक्या आवाजात म्हणाला.

सलीलला पाऊल उचलवेना.

क्लच हळूहळू दाबला गेला. खट्‌कन गियर पडला. आणि पुढचं चाक सलीलकडे वळलं.