रिकाम्या भिंतीवरचे पिंग

आई जाऊन बारा दिवस झाले, तेव्हा तिच्या टीमला कळवायला मी तिच्या नावाने गेममध्ये शिरले. कॉम्प्युटरशेजारी तिची शिवणाची वही होती. मापांच्या मागे गेमचे शब्द. ‘सपोर्ट म्हणजे मारायचं नाही, मागे राहून बाकीच्यांना जगवायचं. रिव्हाइव्ह म्हणजे पडलेल्याला उठवणं. जवळ थांबावं लागतं. पिंग म्हणजे न बोलता जागा दाखवणं.’

“काकू! होतात कुठे?” हेडफोनमध्ये टीमचा कॅप्टन ओरडला. “तुम्ही नाही तर आम्हाला उठवायला कोणी नाही, रोज मार खातोय.”

मी कोण, काय झालं, ते सांगितलं. तो मग म्हणाला, “मंजिरीलाही सांगायला हवं. काकूंची लाडकी. गेला आठवडाभर शत्रू नसताना रिकाम्या भिंतीवर पिंग करायची, तीन-तीनदा. आम्ही चिडवायचो, चष्मा लाव म्हणून. परवापासून आलीच नाही.”

मी वहीचं पान उलटलं. ‘मंजिरीने रिकाम्या जागी तीन पिंग केले, म्हणजे नवऱ्याने हात उचललाय. लगेच फोन.’ खाली नंबर होता. ‘त्याने उचलला, तर ब्लाउजचं निमित्त. तिचा आवाज ऐकल्याशिवाय ठेवायचा नाही.’

फोन बराच वेळ वाजला. पुरुषाने उचलला.

“मंजिरीचा ब्लाउज शिवून झालाय,” मी आईसारखं सावकाश म्हणाले. “तिला द्या फोन.”

पलीकडे नळ जोरात वाहत होता. त्याने तो बंद केला. “ती नाहीये,” तो म्हणाला. “मला सांगा.”

“तिलाच बोलवा,” मी म्हणाले. “मी थांबते.”