बिनसारणाच्या करंज्या

शिम गुरुजींनी पहिली करंजी तोंडात घातली आणि ती पोकळ निघाली. त्यांनी दुसरी मोडून पाहिली. तीही पोकळ. ओसरीवर जमलेल्या गावकऱ्यांनी आपापली करंजी मोडली आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले.

त्यांच्या शिष्याचं, मुन्सॉकचं जाडं पुस्तक आज संपलं होतं. पुस्तक संपलं की शिष्याच्या आईने देवदाराच्या पानांवर करंज्या उकडायच्या, गावाला खाऊ घालायच्या आणि मग गुरुजींनी म्हणायचं, "पुस्तक धुतलं," म्हणजे शिकणं पुरं झालं. गुरुजींनी हे म्हटलं की मुन्सॉक खिंडीपलीकडच्या पाठशाळेत शिकवायला जाणार होता. नाही म्हटलं, तर ती जागा हातची गेली.

खरं तर काळजीचं कारणच नव्हतं. सकाळी पाठशाळेत त्याने सगळं पुस्तक न अडखळता म्हणून दाखवलं होतं. आणि ती नुसती पोपटपंची नव्हती. गुरुजींनी आडवेतिडवे प्रश्न विचारले, त्याने विचार करून नेमकी उत्तरं दिली. आईवडिलांच्या सेवेचं पान तर त्याने असं उलगडून सांगितलं की गुरुजींचे डोळे पाणावले. तेव्हापासून ते भेटेल त्याला हेच सांगत सुटले होते.

"अगं मुन्सॉकच्या आई, सारण कुठंय?" शेजारचे मिन आजोबा म्हणाले. "मला दात नाहीत म्हणून पोकळ दिलीस, ठीक आहे. पण गुरुजींनी तुझं काय घोडं मारलंय?"

हशा पिकला. मुन्सॉकला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, आजच्या दिवशी कशी गं विसरलीस?"

"विसरले नाही." मुन्सॉकच्या आईने ओले हात घागऱ्याला पुसले. "पहाटे तुला म्हटलं, माझं मनगट दुखतंय, तेवढे तीळ कुटून दे. तू म्हणालास, थांब जरा, आईच्या सेवेचं पान वाचतोय. रोज मीच कुटते. आज म्हटलं, थांबूया."

ती रागावलेली दिसत नव्हती. मिन आजोबांनी उरलेली करंजी मुकाट्याने गिळली.

 मुन्सॉक उठला आणि स्वयंपाकघरात गेला. आत भांडी पडल्याचा आवाज झाला.

"आई, उखळ कुठे असतं?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून चुलीच्या डाव्या बाजूला असतं, बाळा."

थोड्या वेळाने मुसळाचे घाव ऐकू येऊ लागले. आधी वेडेवाकडे, मग जरा तालात. भाजलेल्या तिळाचा वास ओसरीवर आला आणि लोक सैलावून बसले. मुन्सॉकच्या आईने पिठाचा नवा गोळा मळायला घेतला. तिला मनापासून बरं वाटत होतं.

"गुरुजी, आता म्हणून टाका," मिन आजोबा म्हणाले. "पोटात कावळे ओरडतायत."

बायकांमध्ये बसलेल्या गुरुजींच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "त्याआधी आमच्या घरचं उखळ कुठे असतं ते विचारा ह्यांना."

 गुरुजी उठले. बाह्या वर सारत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेले.

"मुन्सॉक, तुझं पुस्तक धुतलं," ते म्हणाले. "आता सरक. माझं राहिलंय."